आधी वारा, मग नायक : प्राचीन ग्रीक जगातल्या प्रवासाची कादंबरी लिहायला घेताना

इ.स.पू. ३९९. अथेन्समध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड सुनावला गेला, पण शिक्षा लगेच झाली नाही. खटल्याच्या आदल्याच दिवशी डेलॉस बेटाला जाणाऱ्या पवित्र जहाजाला हार चढवले होते, आणि ते जहाज जाऊन परत येईपर्यंत शहरात कुणालाही सरकारी हुकमानं मारायचं नाही, असा नियम होता. वारा उलटा लागला की ही फेरी लांबायची. सॉक्रेटिसला तीस दिवस मिळाले. मित्र रोज तुरुंगात येऊन त्याच्याशी बोलत बसले. मग एके दिवशी उजाडायच्या आत क्रिटो येऊन उशाशी बसला, कारण सूनिअनच्या भूशिरावरून आलेल्या माणसांनी सांगितलं होतं की जहाज तिथवर पोचलंय.

ग्रीक जगातल्या प्रवासावर ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहायची इच्छा असेल, तर ही हकिकत टेबलासमोर लावून ठेवा. नवा लेखक बहुतेक वेळा नायकापासून सुरुवात करतो : देखणा, शूर, मनात कसली तरी सल. मग त्याला जहाजावर बसवतो आणि दोन ओळींत पलीकडच्या बंदरात उतरवतो. प्रवास हा दोन प्रसंगांना जोडणारा साकव होऊन जातो. माझा आग्रह उलटा आहे. आधी वाट, ऋतू, वारा, खर्च आणि रात्रीचा आसरा ठरवा. माणूस त्या अडचणींतूनच घडत जातो, आणि कथानकाचा निम्मा भारही त्याच उचलतात.

पायरी पहिली : एकच साल धरा

‘प्राचीन ग्रीस’ हे साल नव्हे. अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलं आणि ४३२ पर्यंत त्याचं काम चाललं. तुमचा प्रवासी ४४० मध्ये तिथं पोचला तर त्याला पुरं झालेलं मंदिर दिसणार नाही. संगमरवराचे गाडे, दोरखंड आणि छिन्नीचा आवाज दिसेल-ऐकू येईल. ४३१ नंतर तो अथेन्सचा असेल तर स्पार्टाच्या मुलखात मोकळेपणी फिरू शकणार नाही, कारण युद्ध सुरू झालंय. आणि ग्रीस हिंडून दहा भागांत वर्णन लिहिणारा पॉसेनिअस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, रोमन अमदानीतला. त्याच्या लिखाणातून देवळांची, पुतळ्यांची माहिती जरूर घ्या, पण सॉक्रेटिसच्या काळात ती वस्तू तिथं होती का, हे दर वेळी तपासा. नव्या लेखकांचा पाय सगळ्यात जास्त इथंच घसरतो.

साल तुम्हाला ठाऊक असेल, पात्राला नाही. ‘इसवी सन पूर्व’ त्याच्या डोक्यात असणं शक्यच नाही. अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसला त्या युद्धाचा पहिला दिवस सांगायचा होता तेव्हा त्यानं काय केलं पाहा : आर्गॉसमध्ये क्रिसिस ही पुजारीण होऊन अठ्ठेचाळीसावं वर्ष चालू होतं, स्पार्टात अमुक अधिकारी होता, अथेन्समध्ये पायथोडोरसच्या कारभाराचे दोन महिने उरले होते. एक तारीख सांगायला तीन शहरं लागली. प्रत्येक शहराचे महिने वेगळे, महिन्यांची नावं वेगळी. ‘पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी भेटू’ असं दोन शहरांतल्या माणसांनी ठरवलं, तर चुकामूक व्हायला एवढं पुरे. आपल्याकडे अमान्त आणि पौर्णिमान्त पंचांगांमुळे कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला ही गंमत चटकन कळेल.

पायरी दुसरी : नकाशावर दिवस लिहा, किलोमीटर नव्हे

एक मोठा कागद घ्या आणि एजियन समुद्राचा कच्चा नकाशा हातानं काढा. छापील नकाशा नको. हातानं काढताना कुठलं बेट कुठल्या बेटाच्या आड आहे हे अंगवळणी पडतं. मग मार्ग आखा आणि प्रत्येक टप्प्यावर दिवस लिहा.

जमिनीवरचा हिशोब इतिहासकार हिरोडोटसनंच करून ठेवलाय. इराणी बादशहाच्या सार्डिस ते सूसा या राजरस्त्यावर तो १११ मुक्काम मोजतो, अंतर १३,५०० स्टेडिया सांगतो आणि दिवसाला १५० स्टेडिया चालीनं नव्वद दिवस धरतो. एफेससच्या किनाऱ्यापासून सार्डिसपर्यंतचे आणखी तीन दिवस तो वरून मोजतो. स्टेडियन (अनेकवचन स्टेडिया) म्हणजे सहाशे ग्रीक फुटांची लांबी, पण फूट गावोगाव वेगळा : ऑलिंपियाच्या धावपट्टीवर ते अंतर १९२ मीटर भरतं, डेल्फीत १७७ च्या आसपास. ढोबळ मानानं दिवसाला सव्वीस-सत्तावीस किलोमीटर चाल धरा. सामान असेल, डोंगर असेल तर कमी.

एखादा माणूस याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईआधी फिलिपिडीस हा धावपटू मदत मागायला अथेन्सहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्पार्टात हजर झाला. आज त्याच वाटेवर होणारी स्पर्धा २४६ किलोमीटरची आहे. धावत गेला आणि उत्तर काय मिळालं? पौर्णिमा होईपर्यंत आम्हाला नियम मोडून निघता येत नाही. बातमी वेळेत पोचते आणि तरी उपयोग होत नाही, हा प्रसंग ज्याला लिहिता आला त्याला प्रवासकथा कळली.

आता समुद्र. ग्रीक प्रवासाचा जीव समुद्रात आहे आणि समुद्राचा जीव ऋतूत. हेसिअड या शेतकरी कवीनं सांगून ठेवलंय की दक्षिणायन लागल्यावरचे पन्नास दिवस जहाज हाकायला बरे. वसंतातही निघता येतं, अंजिराच्या शेंड्याला फुटलेलं पान कावळ्याच्या पावलाएवढं झालं की. पण तो सल्ला तो नाखुशीनंच देतो. कृत्तिका पहाटे मावळायला लागल्या, म्हणजे साधारण नोव्हेंबर उजाडला, की नाव ओढून किनाऱ्यावर घ्यायची. मृग लागला की पेरणी आणि नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला, असं जगलेल्या आपल्या माणसांना ही भाषा परकी वाटायला नको. तुमच्या पात्रानं तारखेऐवजी आभाळ वाचावं.

भर उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून वारे सुटतात, त्यांना ग्रीक लोक एटेसियन म्हणत. उत्तरेकडून दक्षिणेकडे येणाऱ्याला ते घरी सोडतात, दक्षिणेकडून वर जाणाऱ्याला बंदरात बसवतात. एकाच मार्गाचे जाताना तीन दिवस आणि येताना बारा, हे नकाशावर दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. पेलोपोनीसच्या टोकाला मॅलिआचं भूशिर आहे. ‘मॅलिआला वळसा घातलास, आता घर विसर’ अशी म्हणच होती. तो वळसा टाळता यावा म्हणून कॉरिंथच्या चिंचोळ्या पट्टीवर इ.स.पू. ६०० च्या सुमारास दगडी फरसबंदीचा रस्ता केला गेला, डिओल्कोस, आणि त्यावरून माल आणि प्रसंगी सबंध नावा एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेल्या जात. जमिनीवरून सरकणारं जहाज! असं दृश्य इतिहासानं फुकट दिलेलं असताना बनावट वादळाच्या मागे का लागायचं?

समुद्राच्या शब्दांसाठी कोकण किनाऱ्याकडे जा. शीड, डोलकाठी, नांगर, वल्हं, तांडेल, वारा पडणं, खारे आणि मतलई वारे, हे शब्द आपल्या भाषेत अजून खाऱ्या पाण्याचे आहेत. फक्त एक सांभाळा : ग्रीक व्यापारी नावेचं शीड चौकोनी असे, आणि तिला मागे मधोमध बसवलेलं सुकाणू नसून दोन बाजूंना दोन मोठी वल्ही असत. ‘सुकाणू’ लिहायला हरकत नाही, पण हात दोन दांड्यांवर ठेवा.

युद्धनौका हा निराळा प्राणी आहे. १७० वल्हेकरी आणि सगळे मिळून दोनशे माणसं, झोपायला जागा नाही, पाणी-शिधा ठेवायला जागा नाही. रात्री किनारा गाठायचाच. तुमचा साधा प्रवासी तीवर बसून जाणार नाही. तो मालवाहू नावेच्या फळ्यांवर, मडक्यांच्या वर, आपलं अंथरूण टाकून जाईल.

पायरी तिसरी : निघण्याचं कारण, आणि कारणाला मुदत

हौसेनं हिंडणारा माणूस कादंबरीला फार दूर नेत नाही. त्या काळी रस्त्यावर कोण होतं? व्यापारी, यात्रेकरू, सणाला निघालेली शहराची प्रतिनिधी मंडळी, वैद्य, भाड्याचे सैनिक, नट, शिल्पकार, हद्दपार झालेले, शिकवणी घेत फिरणारे पंडित. आणि ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं असे, विकले गेलेले. तुमच्या प्रवाशाचं अंथरूण पाठीवर कोण वाहतंय, हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात विचारा. बहुधा एक गुलाम वाहतोय. त्याचं नाव काय, तो मूळचा कुठला, त्याच्या घराची दिशा हीच आहे का, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याला गप्प ठेवून लिहिलेली कादंबरी मला अर्धवट वाटते.

मुदत कशी लावायची याचा एक नमुना अथेन्सच्या न्यायालयीन भाषणांत जसाच्या तसा सापडतो. इ.स.पू. चौथ्या शतकातला कर्जाचा करार : अथेन्सहून निघायचं, मेंडी किंवा स्किओनी या बंदरांत मेंडीची वाईन भरायची, तीन हजार बुधले, ती काळ्या समुद्राच्या बाजूला नेऊन विकायची आणि परत यायचं. कर्ज ३,००० द्राख्मा. व्याज हजारी २२५. पण स्वाती उगवल्यानंतर, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर, काळ्या समुद्रातून परत निघालात तर हजारी ३००. एक तारा उगवला की व्याज चढतं! तुमचा व्यापारी परक्या बंदरात ग्राहकाची वाट पाहतोय आणि रोज पहाटे पूर्वेकडे बघतोय. दुसऱ्या कुठल्या खलनायकाची गरज आहे?

जहाज बुडालं तर कर्ज बुडालं, हा या कर्जाचा नियम. म्हणून लबाड्याही होत. हेगेस्ट्राटस नावाच्या नावाड्यानं सिराक्यूजमध्ये मालाच्या नावावर कर्ज काढलं, पैसे मसालियाला (आजच्या मार्सेयला) पाठवून दिले आणि भर समुद्रात रात्री तळाशी उतरून नावेला भोक पाडू लागला. इतर प्रवाशांनी आवाज ऐकला. पळायला म्हणून त्यानं पाठीमागे बांधलेल्या होडीकडे उडी मारली, अंधारात होडी चुकली आणि तो बुडून मेला. हे अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनीस याच्या नावावरच्या भाषणात आहे. यात रंग भरायचा असेल तर लबाडाऐवजी, झोपेत तो ठोक-ठोक आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रवाशाच्या बाजूनं भरा.

पायरी चौथी : कमरेला किती पैसे आहेत?

सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, शंभर द्राख्मा म्हणजे एक मिना, साठ मिना म्हणजे एक टॅलंट. पाचव्या शतकाच्या शेवटी अथेन्समध्ये बांधकामावरच्या कसबी कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे. एवढा एक दर पाठ केला तरी बाकीचं मोजता येतं. प्लेटोनं सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेल्या एका संवादात भाडंही आलंय : एजिना बेटाहून अथेन्सला सुखरूप आणायचे दोन ओबोल, इजिप्तहून किंवा काळ्या समुद्रावरून माणूस, बायकामुलं आणि सामान आणायचे फार तर दोन द्राख्मा. आणि एवढ्या जिवांना वाचवून आणणारा तांडेल उतरतो आणि आपल्या नावेशेजारी किनाऱ्यावर साधेपणानं येरझारा घालतो. ही प्रतिमा पाहून मला दर वेळी वाटतं की या माणसावर कुणीतरी लिहायला हवं.

नाणी शहरागणिक बदलतात. अथेन्सच्या नाण्यावर घुबड, एजिनाच्या नाण्यावर कासव, कॉरिंथच्या नाण्यावर पंखवाला घोडा. एजिनाची द्राख्मा अथेन्सच्या द्राख्मेपेक्षा जड. बंदरात सराफ टेबल मांडून बसलेला असतो, नाणं वाजवून, तोलून बघतो. सुटे ओबोल लोक तोंडात, गालात धरत. बारीकशी गोष्ट आहे, पण तुमच्या पात्राला बोलण्याआधी हातावर नाणी काढायला लावा. वाचक तिथंच त्या बाजारात उभा राहतो.

वाईट वेळ आली तर त्याचाही दर माहीत हवा. निकोस्ट्राटस नावाचा अथेन्सचा माणूस पळालेल्या गुलामांच्या मागे गेला, त्याला युद्धनौकेनं पकडलं आणि एजिनात विकलं. सुटकेसाठी सव्वीस मिना मोजावे लागले. कारागिराच्या रोजानं हिशोब करा : सव्वीसशे दिवस.

पायरी पाचवी : रात्र कुठे काढणार?

यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कादंबरीतल्या उत्तम भेटी रात्रीच्या आसऱ्याला होतात.

पहिली सोय ओळखीची. अतिथी हा झ्यूसच्या रक्षणाखाली असतो, आणि एकदा जोडलेलं आतिथ्याचं नातं मुलाबाळांपर्यंत चालतं. दोन घरं मिळून एखादी वस्तू दोन तुकडे करून ठेवत. तुकडा तुकड्याला जुळला की ओळख पटली. बापानं दिलेला अर्धा तुकडा घेऊन मुलगा अनोळखी गावात दार ठोठावतो. दार उघडणाऱ्याला तो तुकडा कुठे ठेवलाय हेच आठवत नाही. करा सुरुवात.

दुसरी सोय ‘प्रॉक्सेनॉस’ची. हा आपल्याच गावात राहून परक्या शहराच्या लोकांची विचारपूस करणारा मानकरी. दोन शहरांत वैर पेटलं की याच्या घरात काय होत असेल, हे सांगायला नको.

तिसरी सोय पैसे देऊन राहायची. चौथ्या शतकाअखेर एपिडॉरसला, जिथं आजारी माणसं आरोग्यदेवाच्या दारी झोपायला येत, १६० खोल्यांचं मोठं अतिथिगृह होतं. रस्त्यावरच्या खानावळ-सरायांची कीर्ती मात्र ढेकणांमुळे होती. इ.स.पू. ४०५ च्या एका विनोदी नाटकात पाताळात निघालेला देव डायोनिसस वाटेची चौकशी करतो तेव्हा बंदरं, भटारखाने, पाण्याचे झरे यांच्याबरोबर सगळ्यात कमी ढेकूण असलेल्या घरमालकिणीही विचारून घेतो.

आणि एक सराय अशी, जिच्यावर सबंध कादंबरी उभी राहील. थ्युसिडिडीस सांगतो : इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सच्या बाजूचं प्लाटीआ शहर वेढा घालून बसलेल्या स्पार्टाच्या फौजेला शरण आलं. उरलेल्या पुरुषांना, दोनशेहून कमी नसतील, एकेकाला बोलावून मारलं. बायका गुलाम केल्या. पुढे शहर पायापर्यंत पाडलं आणि हेराच्या देवळाशेजारी दोनशे फूट लांब-रुंद अतिथिगृह बांधलं, सभोवार वर-खाली खोल्या. त्याला छप्पर आणि दारं कुठली लावली? प्लाटीआच्या लोकांच्या घरांची. तटाच्या आतलं तांबं-लोखंड होतं त्याच्या बाजा करून देवीला वाहिल्या.

पण त्याआधीच्या हिवाळ्यात, वादळी, चांदणं नसलेल्या रात्री, शिड्या लावून दोनशे बारा माणसं वेढ्याच्या भिंतींवरून निसटली होती आणि अथेन्सला पोचली होती. त्यांतल्याच एखाद्याचा मुलगा वीस वर्षांनी यात्रेकरू म्हणून त्या अतिथिगृहात मुक्कामाला येतो. मालक खोली दाखवतो. कोयंडा थोडा वाकडा आहे आणि दार उचलून लोटावं लागतं. त्याचा हात ते आपोआप उचलतो. इथं एकही संवाद घालू नका.

पायरी सहावी : शिदोरी सोडा

टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, साखर यांतलं काहीही नाही. गोडाला मध आणि अंजीर. रोजचं अन्न म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, पाण्यात, तेलात किंवा वाईनमध्ये मळून केलेला गोळा, त्याला ‘माझा’ म्हणत. सोबत ऑलिव्ह, कांदा, चीज, खारवलेले मासे. वाईन पाणी घालूनच प्यायची. नुसती पिणं रानटीपणाचं. सातूचं पीठ मळून खाल्लेल्या वाचकाला याची चव सांगावी लागत नाही, म्हणून ‘बार्ली’ लिहून ते परकं करू नका.

सायप्रसजवळ किरेनियाला समुद्रतळाशी सापडलेली व्यापारी नाव या कामी फार उपयोगाची आहे. लांबी जेमतेम चौदा मीटर. चारशेच्या आसपास बुधले, बरेचसे ऱ्होड्सचे; हजारो बदाम; जात्याचे दगड; मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं. आणि वापरातली भांडीकुंडी चार-चार : चार पेले, चार लाकडी चमचे. म्हणजे चार माणसांचा संसार. पन्नास खलाशी आणि कप्तानाची खोली डोक्यातून काढून टाका.

हे सगळं पानावर कसं उतरतं? नवा लेखक लिहितो : ‘वारा प्रतिकूल असल्याने ते पाच दिवस सूनिअनला अडकले.’ आता हेच जरा जवळून :

पाचव्या दिवशीही वारा पडला नाही. तांडेलानं बोट ओलं करून वर धरायचं सोडून दिलं होतं. धाकटा खलाशी खडकाच्या आडोशाला पीठ मळत होता, आणि वाऱ्यानं उडेल म्हणून परातीवर पाठ वाकवून बसला होता. “तेल संपलं,” तो म्हणाला. बुधल्यांत तेलच भरलेलं होतं, तीनशे बुधले, पण ते दुसऱ्याचं. सगळ्यांनी नावेकडे पाहिलं. मग तांडेलानं कोरडा गोळा हातात घेतला आणि चावायला लागला. वर टेकडीवर देवळाचे खांब पांढरे दिसत होते, आणि त्यांच्या पलीकडून वारा येतच होता.

माहिती तीच आहे, फक्त ती कुणाच्या तरी पोटात गेली आहे. (देवळाचे खांब पांढरे, कारण समुद्रदेव पोसायडनचं संगमरवरी मंदिर पाचव्या शतकाच्या मध्यानंतर उभं राहिलं. माझं साल त्यानंतरचं धरलंय.)

पायरी सातवी : मराठीत बोलतील कशी?

या प्रश्नाला आयतं उत्तर नाही, आणि दुसऱ्या भाषांतल्या लेखकांचा सल्ला इथं कामाला येत नाही. त्या काळच्या ग्रीक भाषेत एका माणसाला आदरानं अनेकवचन लावायची पद्धत नव्हती. गुलाम मालकाला, शिष्य गुरूला, भिकारी सेनापतीला, सगळे ‘तू’च म्हणत. मराठीत हे लिहिलं की पहिल्यांदा कानाला टोचतं. तरीही माझं मत ‘तू’च्या बाजूनं आहे. विठ्ठलाला आणि आईला आपण अरे-तुरे, अगं-तुगं करतोच. दहा पानांत कान सरावतो, आणि मग उतरंड दाखवायला सर्वनामाऐवजी कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण आधी बोलतंय याचा आधार घ्यावा लागतो. लेखन त्यानं सुधारतं. निवेदनातही ‘सॉक्रेटिस म्हणाला’ असंच.

‘नमस्कार’ नको. भेटताना ते ‘खाइरे’ म्हणत, ‘आनंदात राहा’ अशा अर्थाचं. एक-दोनदा मूळ शब्द वापरा, पुढे मराठी. ग्रीकांतही बोली होत्या : अथेन्सची, आयोनियाची, डोरियन, एओलियन. म्हणून स्पार्टाच्या माणसाला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावायचा मोह होतो. तो आवरा. वऱ्हाडी ऐकली की वाचकाला अमरावती दिसते, स्पार्टा नाही. त्याऐवजी स्पार्टाच्या माणसाची वाक्यं तोडून आखूड करा. तुटक बोलण्याबद्दल ते प्रसिद्धच होते.

पायरी आठवी : खऱ्या घटनेच्या कडेला उभे राहा

मोठ्या माणसांना मध्यभागी घेऊ नका. खऱ्या घटनेच्या काठावर आपलं काल्पनिक माणूस ठेवा. प्लाटीआ पडलं त्याच वर्षी, ४२७ मध्ये, अथेन्सच्या सभेनं बंड केलेल्या मायटिलीनी शहराच्या सगळ्या पुरुषांना मारायचा ठराव केला आणि जहाज पाठवलं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन पालटलं, ठराव फिरवला आणि दुसरं जहाज मागे सोडलं. पहिलं एक दिवस-रात्र पुढे. दुसऱ्यावरचे वल्हेकरी वल्हवता वल्हवताच वाईन-तेलात मळलेलं सातूचं पीठ खात होते, आळीपाळीनं झोपत होते. उलटा वारा लागला नाही. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती. ते पोचलं, हुकूम वाचून झाला आणि तेवढ्यात दुसरं आलं. शहर थोडक्यात वाचलं.

सगळे दुसऱ्या जहाजावर चढायला धावतात. मी तुम्हाला पहिल्यावर जायला सांगेन, जिथं १७० माणसं कुणीही न सांगता जरा हळू वल्हवत आहेत.

स्वतः सैनिक असलेल्या झेनोफनचं लिखाणही असंच काठाकाठानं वाचा. ४०१ मध्ये इराणच्या मुलखात अडकलेले सुमारे दहा हजार भाडोत्री ग्रीक सैनिक घरी परततात. डोंगरावरून समुद्र दिसल्यावर त्यांनी केलेला ‘थालाट्टा, थालाट्टा’ हा घोष सगळ्यांना ठाऊक असतो. पण आर्मेनियाच्या बर्फात चपलांचे पट्टे पायांच्या मांसात रुतलेले, जमिनीखालच्या घरांतून वेताच्या नळ्यांनी सातूची बिअर ओढणारे गावकरी, काळ्या समुद्राजवळ विषारी मध खाऊन झिंगून पडलेली फौज, हे तपशील पाहणाऱ्या माणसानं लिहिलेत. तुमची कथा दुसऱ्या वाटेवरची असली तरी थकवा कसा लिहायचा हे तिथं शिकायला मिळतं.

आणखी एक वाट

अथेन्स फार दूरचं वाटत असेल तर एक वाट आपल्या दाराशीच येते. ती रोमन काळातली आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, पण जहाजावरची भाषा ग्रीक. इजिप्तमधल्या कुणा अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या टिपणात सोपारा, कल्याण, चौल यांची नावं आहेत; भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तेर दहा दिवसांवर असा मजलांचा हिशोबही आहे. त्यात एक ओळ अशी आहे की कल्याणच्या बंदरावर आता निर्बंध आहेत आणि एखादं ग्रीक जहाज चुकून तिथं शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या धेनुकाकट गावच्या यवनांची (तेव्हा हा शब्द ग्रीकांना लावत) नावं आजही कोरलेली आहेत, लोणावळ्याहून अर्ध्या दिवसात पाहून येता येतात.

या वाटेलाही वरच्याच पायऱ्या लावा. जहाज इजिप्तहून जुलैमध्ये निघतं, नैऋत्येच्या वाऱ्यावर येतं, आणि ईशान्येचे वारे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास सुरू होईपर्यंत परत जाऊ शकत नाही. म्हणजे पहाऱ्यात सापडलेल्या त्या खलाशाला इथं दोन-तीन महिने काढायचे आहेत, भाषा येत नाही, शिदोरी संपलीय, नाण्यावरचा चेहरा इथं कुणाच्या ओळखीचा नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं पहिल्या संध्याकाळी त्याच्यापुढे काय वाढलं, तिथून पहिलं पान लिहायला घ्या.